हिंसेची वंशावळ

पेन्सिल दोन इंचांची उरली की कुणी ती जपून ठेवत नाही. बोटांत धरवत नाही, आणि टोक काढायला जावं तर उरलंसुरलं लाकूडही संपतं. गांधीजींच्या बाबतीत मात्र अशा थोटकांच्या दोन गोष्टी सांगितल्या जातात आणि दोन्हींत शोधाशोध आहे. १९१५ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी काका कालेलकरांना ते काहीतरी शोधताना दिसले. हरवलं होतं पेन्सिलीचं थोटूक, दोन इंचांचंही नसेल. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण ती चालेना. हरवलेली पेन्सिल मद्रासचे प्रकाशक नटेसन यांच्या लहान मुलानं प्रेमानं आणून दिली होती.

दुसरी गोष्ट १९४६ च्या सुमाराची. नातू अरुण शाळेतून येताना पेन्सिलीचा तुकडा भिरकावून देतो आणि आजोबांकडे नवी मागतो. आजोबा उलटतपासणीच घेतात. इतकी लहान झाली कशी? टाकलीस का? कुठे? मग हातात टॉर्च देऊन अंधारात शोधायला पिटाळतात. दोन-तीन तासांनी तुकडा सापडतो आणि धडा तिथून पुढे सुरू होतो. एवढीशी वस्तू करायलाही निसर्गातून काहीतरी ओरबाडावं लागतं, म्हणून ती वाया घालवणं ही निसर्गाशी हिंसा. आणि गरजेपेक्षा जास्त वापरून दुसऱ्याच्या वाट्याचं उपसणं ही माणसांशी हिंसा. आधी काम, मग बोलणं, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे व्याख्यान आधी होतं आणि टॉर्च कुणी देतच नाही.

हा नातू आजोबांकडे आला होता तो रागावूनच. जन्म १९३४ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा. कातडीच्या रंगावरून गोऱ्या पोरांनीही मारलं आणि काळ्या पोरांनीही. आता अंगात ताकद कमवायची आणि परतफेड करायची, या विचारानं पेटलेल्या मुलाला आई-वडिलांनी आजोबांकडे आणलं. आजोबांनी त्याला एक वंशावळ काढायला सांगितली. मूळपुरुष हिंसा. तिची दोन अपत्यं: एक शारीरिक, दुसरं निष्क्रिय. रोज झोपण्यापूर्वी दिवसभरात केलेलं, सोसलेलं, पाहिलेलं, वाचलेलं आठवायचं आणि त्या त्या फांदीवर लिहायचं. मारणं, ढकलणं, फेकणं ओळखायला सोपं. बाकीच्यासाठी एकच कसोटी: हेच कुणी माझ्याशी केलं, तर मला मदत होईल की लागेल? लागेल असं वाटलं, की ते निष्क्रिय फांदीवर. शारीरिक फांदी लवकरच थांबली. दुसरीनं काही महिन्यांत खोलीची अख्खी भिंत व्यापली. आजोबांचं म्हणणं असं, की या दुसऱ्या फांदीतूनच राग तयार होतो आणि तो पहिलीला इंधन पुरवतो.

हे झाड आजही काढता येतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू घ्यावी (नवीन कार्डशीट विकत आणली, तर पहिली नोंद तीच करावी लागेल). निष्क्रिय फांदीला तीन चतुर्थांश कागद द्यावा, कमी दिला तर पहिल्याच आठवड्यात चिकटपट्टी शोधावी लागते. नोंद पाच-सात शब्दांची आणि क्रियापदाची हवी. ‘चिडचिड झाली’ हे हवामानाचं वृत्त झालं. ‘भांडी आपटली’, ‘दोन दिवस अबोला धरला’, ‘पाहुण्यांसमोर टोमणा मारला’, ‘मेसेज वाचून मुद्दाम उत्तर दिलं नाही’ या नोंदी. नावं लिहायची नाहीत. नावं आली की झाडाचं आरोपपत्र होतं. आपण केलेलं एका शाईत, आपल्या वाट्याला आलेलं दुसऱ्या शाईत. सगळा कागद दुसऱ्याच शाईचा दिसू लागला तर समजावं, आपण लेखनिक नसून फिर्यादी आहोत. बातम्यांमधली रोज एकच नोंद, नाहीतर फोन उघडल्यावर मध्यरात्र होते. तीच नोंद पुन्हा आली तर पुन्हा लिहू नये, बाजूला एक काडी ओढावी. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, कारण नवीन काही सुचत नाही आणि काड्या मात्र वाढत असतात. खरं काम त्या काड्यांपासून सुरू होतं. सर्वांत जास्त काड्यांची एक नोंद धरावी, बाकीच्यांना हात लावू नये.

मुलांबरोबर करताना हमखास बिघडतं ते एका ठिकाणी. मुलानं ‘बहिणीची वही फाडली’ असं लिहिलं आणि आईबाबांनी ते वाचून त्याला झापलं, की त्या दिवसापासून झाड स्वच्छ राहतं. म्हणून आधी मोठ्यांनी आपलं लिहावं आणि मुलांचं वाचून गप्प बसावं. यातलं दुसरं फार अवघड.

याच घरातली खोटं बोलण्याचीही एक गोष्ट आहे. अरुण सोळा-सतरा वर्षांचा. सिनेमात रमल्यामुळे वडिलांना, म्हणजे मणिलाल गांधींना, आणायला उशिरा पोहोचतो आणि गाडी गॅरेजमध्ये तयार नव्हती असं सांगतो. वडिलांनी गॅरेजमध्ये फोन आधीच केलेला असतो. खरं बोलायचं धैर्य मी तुला देऊ शकलो नाही, तेव्हा चूक माझी, म्हणत ते अठरा मैल चालत घरी जातात आणि मुलगा मागून गाडी हळूहळू चालवत राहतो. हे खुद्द आजोबांकडून आलेलं: दक्षिण आफ्रिकेतल्या फीनिक्स आश्रमात विद्यार्थ्यांची चूक झाली, तेव्हा त्यांनी सात दिवस उपवास केला होता आणि साडेचार महिने एकच वेळ जेवण घेतलं होतं.

हा उपाय मला घरोघरी वापरण्याजोगा वाटत नाही. आईनं ‘मी जेवणारच नाही’ म्हणून ताट सरकवलं आणि तिरक्या नजरेनं परिणाम पाहिला, तर ती नोंद सरळ निष्क्रिय फांदीवर जाते. त्यापेक्षा पंधरा वर्षांच्या मोहनदासनं वडिलांना दिलेली चिठ्ठी जास्त उपयोगी. भावाचं पंचवीस रुपयांचं कर्ज फेडायला त्याच्याच सोन्याच्या कड्यातला तुकडा काढला होता. चिठ्ठीत चार गोष्टी होत्या: काय केलं त्याची कबुली, योग्य ती शिक्षा द्या ही मागणी, पुन्हा चोरी करणार नाही हे वचन, आणि माझ्या अपराधासाठी स्वतःला त्रास करून घेऊ नका ही विनंती. आजारी वडील उठून वाचताना रडले, चिठ्ठी फाडली आणि पुन्हा आडवे झाले.

अशा चिठ्ठीत ‘पण’ आला की ती तिथेच फसते; त्यानंतर जे येतं ते वकीलपत्र असतं. आणि ती हातात द्यायची. मोहनदास चिठ्ठी देऊन वडिलांच्या समोरच बसून राहिला होता. फोनवर पाठवून शेजारच्या खोलीत दोन निळ्या खुणांची वाट बघत बसलं, तर समोरच्याचा चेहरा बघायचा राहून जातो, आणि तो टाळण्यासाठीच बहुतेक वेळा आपण खोटं बोललेलो असतो.