सिंगापूरमध्ये सुरक्षेचा हिशेब घरातून सुरू होतो

सिंगापूरमध्ये गेल्या पंचवीसेक वर्षांत बांधलेल्या सरकारी सदनिकेत, म्हणजे एचडीबीच्या फ्लॅटमध्ये, शिरलात की जाड पोलादी दाराची एक छोटी खोली दिसते. बहुतेक घरांत तिथे अडगळ असते: बॅगा, तांदळाच्या गोण्या, इस्त्रीचं टेबल. कागदोपत्री मात्र तो बॉम्बहल्ल्याच्या वेळी लपायचा निवारा आहे. १९९७ मध्ये यासाठी कायदा झाला आणि नव्या घरांत अशी खोली बांधणं बंधनकारक ठरलं. दुरुस्ती किंवा सजावट करून घेताना या खोलीचे नियम आधी वाचावेत. दार काढता येत नाही, दाराची रबरी पट्टी आणि हवेच्या भोकांवरची पोलादी झाकणं हलवायची नाहीत, आतल्या भिंतींवर टाइल्स बसवायच्या नाहीत. हादरा बसला तर त्याच टाइल्स सुटून आत बसलेल्यांच्या अंगावर येतील, हे त्यामागचं साधं कारण. ठेकेदार ‘सगळेच करतात’ म्हणून टाइल्स लावून मोकळा होतो आणि त्या उखडून भिंत पूर्ववत करण्याचा भुर्दंड घरमालकाला पडतो.

मायदेशी आशियाच्या सुरक्षेची चर्चा सीमा, क्षेपणास्त्रं आणि चीन-अमेरिका यांच्याभोवती फिरते. इथला पहिला प्रश्न वेगळा असतो: बाहेरून येणारं काही थांबलं तर आपण किती दिवस तग धरू? मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर भरतात. हा अख्खा देश जेमतेम ७३० च्या घरात आहे. मागे हटायला जागाच नाही. ३१ जानेवारी १९४२ रोजी जपानी सैन्यापुढे माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी मलेशियातल्या जोहोरला जोडणारा कॉजवे, म्हणजे समुद्रातला भराव-रस्ता, उडवला, त्याबरोबर त्यावरून येणारी पाण्याची नळवाहिनीही तुटली. पंधरा दिवसांनी शरणागती पत्करताना शहरातलं संपत आलेलं पाणी हे एक मोठं कारण होतं. म्हणून आज दरवर्षी १५ फेब्रुवारीला संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी देशभर भोंगे वाजतात. नव्याने आलेली कुटुंबं दचकतात. पळापळ करायची नसते, रेडिओ किंवा टीव्ही लावून सूचना ऐकायची असते.

१९८४ पासून सरकार याला ‘टोटल डिफेन्स’ म्हणतं. सैन्य, नागरी संरक्षण, अर्थव्यवस्था, समाज आणि मनोबल असे त्याचे पाच खांब होते. २०१९ मध्ये डिजिटल हा सहावा आला. शब्द सरकारी वाटतील, पण तांदळाच्या दुकानात तो विचार प्रत्यक्ष दिसतो. इथलं ९० टक्क्यांहून अधिक अन्न आयात होतं. तांदूळ आयात करणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या दोन महिन्यांच्या आयातीइतका साठा सरकारने नेमलेल्या गोदामात ठेवावाच लागतो. माल व्यापाऱ्याच्याच मालकीचा राहतो, जुना विकून नवा भरत राहायचा, आणि आणीबाणीत सरकार मोबदला देऊन तो ताब्यात घेऊ शकतं. सरकारला स्वतः खरेदी-विक्रीत पडावं लागत नाही आणि तांदूळ गोदामात कुजतही नाही. ही रचना मला फार शहाणपणाची वाटते.

तिची परीक्षा भारतामुळेच झाली. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२२ मध्ये सिंगापूरच्या एकूण तांदूळ आयातीपैकी सुमारे ४० टक्के भारतातून आली होती. सिंगापूरने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या: इतर देशांकडून खरेदी वाढवली आणि दिल्लीशी थेट बोलणी केली. ऑगस्टअखेर भारताने खास बाब म्हणून परवानगी दिली आणि ५०,००० टनांचा कोटा ठरला. भारतात तो भाववाढ रोखायचा निर्णय होता. इथे तोच सुरक्षेचा प्रश्न झाला. एकच बातमी दोन देशांत इतकी वेगळी वाचली जाते, हे मायदेशातल्या वाचकांनी ध्यानात घ्यावं.

आता मराठी घरांना सगळ्यात जवळून भिडणारा विषय: नॅशनल सर्व्हिस, म्हणजे तरुणांची लष्करी सेवा. १९६७ पासून ती सक्तीची आहे आणि फक्त नागरिकांपुरती नाही. नोकरीच्या जोरावर पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळवणाऱ्या मुख्य अर्जदाराला साधारणपणे सूट असते, मुलींना सक्ती नाही, आणि डिपेंडंट पासवरच्या, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या परवान्यावर इथे राहणाऱ्या, मुलालाही ती लागू होत नाही. पण आई-वडिलांच्या अर्जातून ज्या मुलाला पीआर मिळते, त्याला नोंदणी चुकत नाही. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, मग वैद्यकीय तपासणी, मग दोन वर्षं पूर्णवेळ सेवा. ती संपली की राखीव दलात दहा वर्षांची फेरी: वर्षाला जास्तीत जास्त ४० दिवस बोलावणं, शिवाय शारीरिक क्षमतेची चाचणी. त्या दिवसांत कंपनीला माणूस सोडावा लागतो.

चुका होतात त्या मुख्यतः तीन ठिकाणी. पहिली, मुलगा तेरा वर्षांचा झाला की तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ देशाबाहेर राहण्यासाठी एक्झिट परमिट लागतं, हे माहीतच नसतं. आठवीनंतर त्याला पुण्याला आजी-आजोबांकडे शिकायला ठेवलं आणि परमिट घेतलं नाही, तर तो कायद्याने गुन्हा होतो. या वयात दोन वर्षं किंवा अधिक काळ पाठवायचं तर बाँडही, म्हणजे परत येण्याची आर्थिक हमी, द्यावा लागतो: ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आई-वडिलांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, यात जी मोठी असेल ती. दुसरी चूक कॉलेजची. बारावीच्या पातळीपर्यंत मुदतवाढ मिळते, पदवीसाठी मिळत नाही. इथली विद्यापीठं जागा राखून ठेवतात. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र बारावीचं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष एवढंच देता येतं. दोन वर्षं सेवा करून परतलेल्या मुलासाठी आयआयटीचं दार बहुधा बंद झालेलं असतं. तिसरी चूक, ‘वेळ आली की पीआर सोडून देऊ’ हा हिशेब. सेवा न करता पीआर सोडली तर त्या मुलाच्या इथल्या पुढच्या शिक्षणाच्या आणि नोकरीच्या अर्जांवर वाईट परिणाम होतो, आणि आई-वडिलांच्या परवान्याच्या नूतनीकरणातही ते पाहिलं जाऊ शकतं. तेव्हा निर्णय घ्यायचा तो पीआरच्या अर्जावर मुलाचं नाव घालण्याआधी. मुलगा चार वर्षांचा असतानाही घरात हे बोलायलाच हवं. जी मुलं सेवा करतात, त्यांनी ती अर्धवट मनाने करू नये असंही मनापासून वाटतं. हा देश त्यांना नागरिकांच्या बरोबरीने रांगेत उभं करतो.

सैन्य उभं केलं तरी सराव कुठे करणार? लांब पल्ल्याची तोफ या बेटावर पूर्ण ताकदीने डागली तर गोळा समुद्रात किंवा शेजारच्या देशात पडायचा. म्हणून सिंगापूरचं लष्कर ऑस्ट्रेलियात, तैवानमध्ये आणि भारतातही सराव करतं. नाशिकजवळच्या देवळालीच्या फायरिंग रेंजवर दोन्ही देशांच्या तोफखान्यांचा ‘अग्नी वॉरियर’ सराव होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १३ वी आवृत्ती तिथेच झाली. नौदलांचा ‘सिम्बेक्स’ तर १९९४ पासून चालू आहे.

परराष्ट्र धोरणातही हाच धागा आहे. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडावर आक्रमण केलं तेव्हा सिंगापूरने संयुक्त राष्ट्रांत मित्राच्या विरोधात मत दिलं. २०२२ मध्ये युक्रेनवरील हल्ल्यानंतर रशियावर स्वतःहून निर्बंध लावले. त्याच वेळी भारत तटस्थ राहत होता. इथल्या भारतीयांत यावर बरेच वाद झाले. भारताकडे आकारमान आहे, अण्वस्त्रं आहेत, थांबून पाहण्याची मुभा आहे. छोट्या देशाकडे फक्त नियम असतो: मोठ्याने लहानाला गिळायचं नाही. तो एकदा सैल पडू दिला तर आपल्या वेळी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? मला सिंगापूरची भूमिका पटते, भारताची समजते.

कोकणातली अनेक मुलं मर्चंट नेव्हीत आहेत, त्यांच्यासाठी मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीबद्दल थोडं. फिलिप्स चॅनलपाशी वाट जेमतेम दीड सागरी मैल उरते. इथे सहसा जहाज पळवत नाहीत. रात्री छोट्या होडीतून मागच्या बाजूने चढून इंजिनाचे सुटे भाग चोरतात. भक्ष्य असतात ती मंद चालीची मालवाहू जहाजं आणि टगबोटीने ओढले जाणारे बार्ज. २००४ पासून मलेशिया, इंडोनेशिया आणि सिंगापूर मिळून गस्त घालतात, २००८ मध्ये थायलंडही आला. पण प्रत्येकाचं जहाज आपापल्या हद्दीतच राहतं. हद्दी इतक्या जवळ आहेत की उशिरा कळवलं तर होडी दुसऱ्या देशात पोचलेली असते. म्हणून स्टिअरिंग गिअर रूम आणि इंजिन रूमची दारं आतून बंद ठेवा, मागच्या डेकवर पहारा लावा, आणि चोर दिसताक्षणी व्हीएचएफ रेडिओवर कळवा. काय चोरीला गेलं ते मोजायला नंतर वेळ मिळतो.