मातीच्या आत काँक्रीट: चिनोतील फुजिमोरींच्या वास्तू

जपानच्या आजच्या वास्तुकलेविषयी आपल्याकडे जे छापून येते, त्यात उघडे काँक्रीट, काच आणि पोलाद यांचीच छायाचित्रे अधिक असतात. जपानमध्ये राहू लागल्यापासून मला मात्र दुसरी एक धारा जास्त मोलाची वाटते. ज्या डोंगराच्या पायथ्याशी इमारत उभी राहायची, तेथलेच लाकूड, दगड आणि माती ती वापरते. ही धारा समजून घ्यायची असेल, तर नागानो प्रांतातील चिनो येथे जावे.

तेरुनोबू फुजिमोरी १९४६ साली याच परिसरात जन्मले. वास्तुकलेचा इतिहास हा त्यांचा अभ्यासविषय. तोक्यो विद्यापीठात ते तो शिकवीत असत. त्यांची पहिली इमारत १९९१ मध्ये, म्हणजे वयाच्या चाळिशीनंतर, पूर्ण झाली. सुवा देवस्थानाचे पौरोहित्य पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या मोरिया घराण्याची कागदपत्रे जतन करण्यासाठी बांधलेले हे जिन्चोकान मोरिया संग्रहालय. त्याच्या दर्शनी वळचणीला भेदून झाडांचे सोट सरळ आभाळात गेले आहेत. भिंतीवरील फळ्या करवतीने कापलेल्या नसून लाकडाच्या रेषेने फोडून काढलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यावर ऊन तिरपे पडले की प्रत्येक फळीचा उंचसखलपणा वेगळा दिसतो. छपरासाठी सुवा भागात मिळणारा, पातळ थरांत सुटणारा तेप्पेइसेकी दगड वापरला आहे.

या सगळ्याच्या आत सांगाडा आहे तो सळईच्या काँक्रीटचा. त्यावरच्या लेपात माती आणि पेंढा असल्यामुळे भिंत आपल्या गावाकडच्या मातीच्या भिंतीसारखी दिसते. काही जाणकारांना यात खोटेपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. जुनी कागदपत्रे भूकंपापासून आणि आगीपासून वाचवायची, तर मजबूत आणि न जळणारा सांगाडा हवाच. प्रश्न एवढाच, की माणसाच्या नजरेला आणि हाताला काय लागावे. त्याचे फुजिमोरींनी दिलेले उत्तर मला पटते.

लाकडाच्या बाबतीतला त्यांचा आवडता उपाय म्हणजे याकिसुगी, अर्थात जाळून काळे केलेले सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाचे लाकूड. पश्चिम जपानमधील जुन्या घरांवर अशा फळ्या पूर्वीपासून दिसतात. तीन लांब फळ्या बांधून त्यांची त्रिकोणी पोकळ नळी करायची, ती उभी धरून तळाशी विस्तव घालायचा. चिमणीप्रमाणे हवा वर ओढली जाते आणि काही मिनिटांतच आतील बाजू जळून निघते. मग नळी सोडून पाणी मारायचे. जळालेल्या थरामुळे लाकूड पाऊस आणि कीड यांना अधिक काळ तोंड देते. मात्र लांब फळ्या या तापाने वाकतात आणि त्यांच्यात फटी राहतात. नागानोतच २००७ मध्ये बांधलेल्या याकिसुगी घरात या फटी पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याने भरल्या आणि काळ्या भिंतीवर उभे पांढरे पट्टे उमटले. सामग्रीचा दोष झाकण्याऐवजी त्यातूनच भिंतीचे रूप घडवणे, हा या वास्तुकाराचा गुण मला सर्वांत जास्त भावतो.

केवळ स्थानिक लाकूड वापरले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. दुसरे जपानी वास्तुकार केंगो कुमा यांनी तोचिगी प्रांतातील बातो येथे २००० साली बांधलेल्या, चित्रकार हिरोशिगे यांच्या नावाच्या संग्रहालयाचे छप्परही जवळच्या डोंगरांतील सुगीच्या पट्ट्यांनी झाकले होते. ती इमारत अतिशय देखणी आहे. पण पंचवीस वर्षांच्या आत त्या पट्ट्या कुजल्या आणि दुरुस्तीचा मोठा भार गावावर आला. जुन्या जपानी घरांत लाकडाला खोल वळचणीचा आसरा असे. येथे लाकूड थेट पावसाखाली आले. परंपरेतून सामग्री उचलली, पण तिला जपण्याची रीत मागे राहिली, असे मला वाटते.

तोक्योतील शिन्जुकु स्थानकाहून आझुसा एक्स्प्रेसने सुमारे दोन-सव्वादोन तासांत चिनो येते. संग्रहालयामागच्या चढावर फुजिमोरींची चहागृहेही आहेत: चेस्टनटच्या दोन खोडांवर उभे असलेले ताकासुगी-आन आणि तारांनी अधांतरी टांगलेली ‘उडती मातीची नाव’. ती बाहेरून पाहता येतात. संग्रहालय सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवून बेत आखावा.