नोकरी सांभाळून रिलेशनल थिअरी शिकले, आणि अडकले ती नलवर (माझा अनुभव)

नोकरीत असताना डेटाबेसची थिअरी (रिलेशनल, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्यामागची) शिकायचा विचार असेल तर जरूर शिका, फक्त क्लासवाल्यांच्या भरवशावर राहू नका. माझा राग अजून गेलेला नाही त्यामुळे हे जरा लांबणार.

मी रत्नागिरीत डेटाबेसचं काम करते. मच्छीमार सोसायट्यांचं सॉफ्टवेअर आहे, नौका, मालक, डिझेलचा परतावा असलं सगळं. इंडेक्स टाकणं, बॅकअप, स्लो क्वेरी (डेटाबेसला विचारलेले, उत्तराला वेळ लावणारे प्रश्न) पकडणं हे रोजचंच, पण 'हे असंच का' असं कोणी विचारलं की गप्प बसायची वेळ यायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याला नौका नांगरून पडलेल्या असतात आणि आमचेही फोन थंडावतात, म्हणून त्या काळात एक ऑनलाइन कोर्स लावला.

सुरुवातच सिग्मा, पाय असल्या चिन्हांनी. कॉड हे आयबीएममधले गणिताचे माणूस, १९७० साली त्यांनी ह्या थिअरीचा पेपर लिहिला, १९८१ ला ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, इतकं सांगून सर सरळ चिन्हांवर. त्या पेपरआधी प्रोग्रॅमरला एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर पॉइंटर धरून स्वतः जावं लागायचं, आणि कॉडनी म्हटलं की काय हवंय ते सांगा, कसं आणायचं ते मशीन बघेल, हे आधी सांगितलं असतं तर निम्मी मुलं पळाली नसती.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो एका साध्या गोष्टीने. प्रत्येक टेबल म्हणजे गाळलेल्या जागांचं एक वाक्य. '___ नंबरची नौका ___ यांच्या मालकीची आहे.' प्रत्येक ओळ म्हणजे जागा भरून झालेलं एक खरं विधान. मग जॉइन म्हणजे दोन वाक्यं 'आणि'ने जोडायची, आणि तीच ओळ दोनदा येण्यात काही अर्थ नाही कारण खरं ते एकदा सांगितलं तरी खरंच. नॉर्मलायझेशन (कुठली माहिती कुठल्या टेबलात ते ठरवणं) एका संध्याकाळी झालं, मालकाचा फोन नंबर मालकावर अवलंबून, नौकेवर नाही, मग तो नौकेच्या टेबलात कशाला? त्यातल्या बीसीएनएफ नावाच्या कडक पायरीपर्यंत कुठे अडले नाही.

अडले ती नलवर, म्हणजे टेबलातल्या न भरलेल्या जागेवर.

झालं असं की कोर्स चालू असतानाच एका सोसायटीच्या तात्यांचा फोन. आमच्या आधीच्या व्हेंडरने लिहिलेला एक रिपोर्ट आहे, 'परतावा न मिळालेल्या नौका'. त्यात एकही नाव येईना. तात्या म्हणाले, "अगं, तुझा कम्प्युटर म्हणतोय सगळ्यांना पैसे पोचले, मग ही माणसं माझ्या दारात कशाला उभी आहेत?" क्वेरी उघडली, तर नौकेचा नंबर नॉट इन (म्हणजे ह्यांच्यात नाही), कंसात परताव्याच्या टेबलातले नंबर. बघायला एकदम बरोबर. पण परताव्याच्या टेबलात एका ओळीत नौकेचा नंबरच नल.

सरांना विचारलं. उत्तर आलं, 'नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी ओळच नाही ना, एवढंच बघणारं) वापरा, चालेल.' चाललं की, रिपोर्ट लगेच आला, पण मला का ते हवं होतं, त्यासाठीच तर फी भरली होती! तर म्हणे शनिवारच्या डाउट सेशनला विचारा. शनिवारी पाऊस, लाईट गेली, नेट गेलं. पुढच्या शनिवारी सरांना सिलॅबस संपवायचा होता. त्याच्या पुढच्या वेळी, 'तो ॲडव्हान्स टॉपिक आहे मॅडम, परीक्षेला नाही.' परीक्षेला नाही! इकडे माणसं दारात उभी आहेत आणि ह्यांची परीक्षा. चॅटमध्ये लिहून ठेवलं, मेल केली, त्या मेलचं उत्तर अजून यायचंय.

शेवटी वही घेऊन बसले. समजा टेबलात १२, १५ आणि नल आहे, आणि आपली नौका १७. नॉट इन म्हणजे १७ हा १२ नाही, आणि १५ नाही, आणि नल नाही. पहिली दोन खरी. तिसऱ्याचं उत्तर 'माहीत नाही', कारण ती जागा कदाचित १७ चीच असेल. खरं आणि माहीत नाही मिळून माहीत नाही, आणि व्हेअर (क्वेरीतली ओळी निवडायची अट) फक्त पक्कं खरं तेवढंच आत सोडतं. १२ नंबरवाली तर खोटी म्हणून जाते. म्हणजे कोणीच पास नाही, एका नलमुळे अख्खा रिपोर्ट कोरा, एरर नाही, वॉर्निंग नाही. आणि गंमत बघा, चेक कंस्ट्रेंट (टेबलात काय भरता येईल त्यावरची अट) ह्याच्या उलट वागतं, ते फक्त पक्कं खोटं असेल तेव्हाच अडवतं. हॉर्सपॉवर शून्यापेक्षा जास्त असा चेक लावलात तरी नल आरामात आत येतो. हे मी आमच्या टेबलावर करून बघितलं तेव्हाच विश्वास बसला. तुम्हीही हातातल्या टेबलांवरच करून बघा, विद्यार्थी आणि विषयवाली उदाहरणं काही कामाची नाहीत.

मग मूळ प्रश्न, तो नल आला कुठून. सोसायटीला एकदा एकरकमी पैसे जमा झाले होते, कुठल्या नौकेचे किती ते ठरायचं होतं, आणि ती एंट्री कोणीतरी नौकावार परताव्याच्या टेबलात कोंबली. ते वाक्यच वेगळं आहे ना, 'सोसायटीला अमुक तारखेला अमुक रक्कम आली.' वेगळं टेबल केलं, नल गेला.

इंजिनच्या कॉलममध्येही नल होते, तिथले कोरे फॉर्म घेऊन मग तात्यांकडेच गेले. एकेक फॉर्म उचलून ते म्हणाले, "हिला मशीनच नाही, वल्ह्याची होडी आहे. ह्याने मुद्दाम सांगितलं नाही. आणि ह्याचं मागचं पान पावसात भिजलंय." तिघांच्याही जागी टेबलात एकच नल! कॉडनी स्वतः पुढे 'लागू आहे पण माहीत नाही' आणि 'लागूच नाही' असे दोन प्रकार वेगळे करायला सांगितले होते, एसक्यूएलने (क्वेरी लिहायची भाषा) ते घेतलं नाही. तात्यांनी कोर्स न करता एक प्रकार जास्तच काढला. डिझेलचा परतावा असल्यामुळे हा फरक पैशाचा आहे, वल्ह्याच्या होडीला मिळायचा प्रश्नच नाही, पण न सांगणाऱ्याला फोन करावा लागतो. आता इंजिन असलेल्यांचं टेबल वेगळं, आणि माहिती यायची बाकी असलेल्यांचं वेगळं. दोन्हीकडे नाही ती वल्ह्याची.

हो, एक राहिलं, सम (बेरीज) घेताना एकही ओळ नसेल तर शून्य नाही, नल येतो, बिलाच्या रिपोर्टला कोअलेस लावा, ते नलच्या जागी शून्य घालतं. आणि ओरॅकल डेटाबेसवर असाल तर रिकामी स्ट्रिंगही (एकही अक्षर नसलेला मजकूर) नलच धरली जाते, दुसरीकडून डेटा आणताना बघून घ्या.

सर्टिफिकेट आलं, चांगल्या मार्कांनी. तारखेच्या जागी नल असलेले दोन कॉलम अजून तसेच आहेत, कारण जुन्या व्हेंडरची स्क्रीन त्यांच्यावर चालते, ते आता पुढच्या बंदीत.