दोन बायका, एक अर्ज

फेडरलिस्ट पेपर्स, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेले लेख, कुणी लिहिले, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मॅडिसन, हॅमिल्टन, जे. घोडं अडलं ते माझ्या स्वतःच्या नावापाशी.

अमेरिकन नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूसाठी १०० प्रश्नांची यादी घोकली होती. त्यातले फार तर १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की थांबायचे. (ही जुनी पद्धत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना यादी १२८ प्रश्नांची, विचारतात २०, बरोबर हवेत १२. मैत्रिणीची जुनी वही घेऊन बसू नका.) लिंकनच्या १८६३ च्या जाहीरनाम्यावर प्रश्न आला, तेव्हा मला खरं तर पुढचंही सांगायचं होतं: त्याने बंडखोर राज्यांतल्याच गुलामांना मुक्त ठरवलं, देशभर गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती याच कामासाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना. ऑफिसर तोवर पुढच्या प्रश्नावर गेला होता. सहापैकी सहा!

मग त्याने लग्नाचा दाखला उलटसुलट करून पाहिला.

माझा पासपोर्ट, व्हिसा, ग्रीनकार्ड सगळं सासरच्या नावावर. पदवीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावावर. लग्नात तांदळावर लिहून नाव बदललेलं, म्हणजे पहिलं नाव वेगळं, मधलं वडिलांऐवजी नवऱ्याचं, आडनाव तर वेगळंच. दाखल्यावर वधू म्हणून जुनं नाव. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. “या दोन वेगळ्या बायका आहेत.” मी म्हटलं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे. “मधलं नाव नवऱ्याचं कसं?” आता याला काय सांगू? आणि चूक माझीच होती: फॉर्म एन-४०० मध्ये, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जात, ‘पूर्वी वापरलेली इतर नावं’ हा रकाना मी रिकामा सोडला होता. त्यात आजवर वापरलेलं प्रत्येक नाव लिहा. शाळेतलं, माहेरचं, सगळं.

परीक्षा पास, पण ‘निर्णय आत्ता देता येत नाही’ अशा चौकटीत खूण केलेला कागद हातात. पुढे पत्र आलं: दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा द्या. लग्नानंतर राजपत्रात नाव छापून घ्यायचा कंटाळा केला होता, तो आता वीस वर्षांनी वसूल झाला. साताऱ्यात दादा शाळेत गेला, शाळा सोडल्याचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केलं, जन्माचा दाखला मिळवला. त्यात नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’! मी रात्री दोनला उठून त्याला फोन करायची, तो वैतागून म्हणायचा, “अगं, खिडकी बंद आहे, जेवणाची सुट्टी.”

मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याची ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर बरोबर आहे’ अशी सही. नोटरी लागत नाही. मी प्रत्येक पानाला केली, पैसे वाया.

वाट बघताना चिडचिड केली की नवरा इतिहास सुनवायचा. १७९० चा कायदा फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’ना नागरिकत्व द्यायचा. अमेरिकन लष्करात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंडनाही १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाकारलं, भारतीयांना दार उघडलं ते १९४६ च्या कायद्याने, तेही स्थलांतराला वर्षाला १०० जणांचा कोटा ठेवून. “तुझं नुसतं नावच अडलंय,” असं म्हणून तो चहा घ्यायचा. पटत होतं, पण राग जात नव्हता.

शेवटी शपथविधीचं पत्र आलं. तिथे मिळालेलं प्रमाणपत्र जागेवरच तपासा, घरी नेऊन नाही. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, मागचे लोक खोळंबले तरी. तसं एन-४०० मध्ये कायदेशीर नाव बदलायचंय का, असाही प्रश्न असतो. मी ‘नाही’वर खूण केली होती. एकदा बदललंय तेवढं पुरे झालं.