म्हशीला काय मिळतं?

चिखलणी सुरू झाली. पॉवर टिलरच्या मागे ढोरबगळ्यांची ही रांग, आणि म्हस बांधावर एकटीच चरतेय. तेव्हापासून मुलांच्या चित्रपुस्तकाच्या कामात मन नाही.

दोस्तीच्या गोष्टीसाठी हत्ती-मुंगी, सिंह-उंदीर सोडून म्हस-बगळ्याची जोडी घेतली ती खरी म्हणून. खरी! म्हशीच्या पायांखालून नाकतोडे, बेडूक उडतात, बगळा ते टिपतो. माश्या, गोचिडी टिपतो त्या जाता जाता. पोट भरतं त्याचं. म्हशीला काय मिळतं? टिलरला तर गोचिडीसुद्धा नसतात.

चित्रंही छळतायत. अख्खी म्हस पानात बसवली की बगळा टिकलीएवढा. म्हणून म्हस कापायची: एका पानावर नुसते खूर, दुसऱ्यावर कान नि नाकपुडी. ती मान खाली घालून चरते तेव्हाच दोघांचे डोळे एका रेषेत येतात. तो डोळा दोन पानांमधल्या शिवणीत गेला की मेला, दोन्हीकडून पाच-पाच मिलिमीटर तरी सोडावेत. काळ्याची तर वेगळीच कटकट. नुसती काळी शाई मोठ्या भागावर करडी दिसते. खाली सायन (निळी), मॅजेंटा (गुलाबी) घालून गडद करावी, तर छपाईच्या चारी शायांची (प्रत्येकी फार तर १००) बेरीज ३०० टक्क्यांपुढे गेली की वाळायला वेळ लागतो आणि वरच्या कागदाच्या पाठीला डाग. त्यात लावणीच्या दिवसांत बगळा पांढरा नसतोच. डोकं, मान, पाठ केशरट. संपादक ताईंना तो पांढराच हवाय. असो.

पण म्हशीला काय मिळतं?

पंचतंत्रात हे आधीच उरकून घेतलंय. हिरण्यक उंदीर बिळातूनच लघुपतनक कावळ्याला विचारतो, तू खाणारा, मी तुझं खाणं, मैत्री कसली? आधी संशय, मग दोस्ती. आमच्या ३२ पानांत शीर्षक, श्रेयं वगैरे वजा जाता जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात १४, आणि तिसऱ्यातच गळ्यात गळे. कोण विश्वास ठेवणार? पोरं तर नाहीच ठेवत.

म्हणजे टिलर आत घ्यायलाच हवा. सातव्या जोडपानावर उजव्या कडेला नुसती फटफट, पान उलटलं की बगळा त्याच्या मागे. म्हस एकदा वळून बघते, पुन्हा चरायला लागते. तिचं काही अडलेलं नाही. अडलंय ते माझंच, बांधावर उभं राहून तिच्या वतीने रुसायचं.

टिलर लाल करावा, हिरव्यात उठून दिसेल. बगळ्याला परत कसा आणायचा याचं डोकं खायला नको. डिझेल संपलं की येईल.