लिस्बन पायी: वसईच्या दोघींचे चार दिवस

आम्ही दोघी वसईच्या, एकाच शाळेतल्या. चौथीपासून सहल म्हटली की किल्ला. त्यामुळे पोर्तुगालला जायचं ठरलं तेव्हा मनात एकच उत्सुकता होती: ज्यांनी आपल्या गावात दोनशे वर्षं राज्य केलं, त्यांचं स्वतःचं गाव कसं असेल? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस फक्त लिस्बन बघितलं, शक्य तेवढं पायी. तुम्ही जाणार असाल तर काही गोष्टी आधीच माहीत असू द्या.

पहिली गोष्ट बुटांची. तिथले फुटपाथ चुनखडीच्या लहान पांढऱ्या दगडांचे, मधे काळ्या दगडांची नक्षी. रोसियू चौकातल्या लाटा तर बघत बसाव्यात अशा आहेत. पण वर्षानुवर्षं पायांनी घासून दगड आरशासारखे झालेत आणि पावसाची एक सर आली की पाय ठरत नाही. माझी मैत्रीण आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीच्या उतारावर घसरली, घोटा मुरगळला आणि आमची अख्खी दुपार गेली. तळव्याला खोल खाचा असलेले बूटच न्या. सपाट सँडल घरी ठेवा.

दुसरं, शहर टेकड्यांवर आहे आणि मैत्रिणीला चढावर धाप लागते. म्हणून आम्ही नियम केला: चढ बसने, उतार पायी. फिगेइरा चौकातून 737 नंबरची छोटी बस थेट साऊं जॉर्ज किल्ल्यापाशी सोडते. 28 नंबरच्या जुन्या ट्रामचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ती खचाखच भरलेली असते आणि खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. बसायचंच असेल तर सकाळी लवकर मार्तीं मोनीजहून, जिथून ती सुटते तिथून बसा. पर्स पोटाशी धरा.

किल्ल्यावरून उतरायला लागलात की सांता लुझिया चर्चपाशी थांबा. नदीचं दृश्य सुंदर आहेच, पण लोक फोटो काढून निघून जातात आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचं निळ्या फरशांचं चित्र बघायचं राहून जातं. त्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक आहे, 1755 च्या भूकंपाच्या आधीचा. ते चित्र नीट डोळ्यांत साठवा, मग खाली चालत त्याच चौकात, तेरेरू दु पासूला जा. 'पासू' म्हणजे राजवाडा. नाव आजही तेच आहे, राजवाडा मात्र कुठेच नाही.

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि धरणी हलली. घाबरून लोक मोकळ्या जागेकडे, नदीकडे धावले, तर तिथे त्सुनामीची लाट आली. मागोमाग आग, ती कित्येक दिवस विझली नाही. आजचा बायशा हा सरळ रेषेतल्या रस्त्यांचा भाग त्यानंतर राजाचा मंत्री मार्क्विस पोंबाल याने उभारला. भूकंपात तग धरावा म्हणून इमारतींच्या भिंतींत लाकडी पिंजरा बसवला. टेकडीच्या खडकावरचं आल्फामा बऱ्याच अंशी वाचलं, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून तशाच अरुंद आणि वाकड्यातिकड्या आहेत.

तेरेरू दु पासूच्या आधी वाटेत टोकदार हिऱ्यांसारख्या दगडांची एक इमारत लागते, कासा दुश बिकुश. ती 1523 मध्ये बांधली आफोन्सु द आल्बुकर्कच्या मुलाने. गोवा जिंकणारा हाच तो आल्बुकर्क. आपला हापूस हे नाव ज्या 'आफोन्सु'वरून आलं असं म्हणतात, तेही त्याचंच. आज तिथे नोबेल मिळालेले लेखक जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे. समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांची रक्षा आहे. झाडाशेजारच्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो.

पण माझ्यासाठी लिस्बन म्हणजे कार्मोचा मठ. रोसियूच्या बाजूने पायऱ्या चढून जाता येतं (रविवारी बंद असतो, लक्षात ठेवा). आत पाऊल टाकलं आणि मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर आपली वसई!" चर्चच्या मुख्य दालनाला छप्पर नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या, मधे मोकळं आकाश. आमच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये अशाच कमानींखाली डबे उघडून बसायचो आम्ही. तिथलं छप्पर काळाने आणि दुर्लक्षाने नेलं, इथलं भूकंपाने. पण इथे त्यांनी पडझड जपून ठेवली आहे. गवत कापलेलं, प्रत्येक दगडाशेजारी माहितीचा फलक. वसईत थडग्यांवरची अक्षरं दरवर्षी थोडी थोडी झिजताना बघितली आहेत मी. त्या चौकोनी आकाशाखाली उभी असताना मला आनंद झाला आणि पोटात तुटलंही.

मठाबाहेरच्या चौकातही थांबा. 25 एप्रिल 1974 ला शेजारच्या बराकीतच हुकूमशाही सरकारने शरणागती पत्करली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली होती. गोवा 1961 मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालने ते मान्य केलं या क्रांतीनंतरच. खाली रोसियूत जे राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी पूर्वी धर्मन्यायसभेचा, इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात 1560 मध्ये तीच संस्था आली. चौकात कॉफी पिताना हे माहीत असलेलं बरं.

नदीकाठच्या बेलें या भागात मात्र पायी जाऊ नका, लांब आहे. 15 नंबरची ट्राम पकडा आणि सोमवार टाळा, जेरोनिमुश मठ तेव्हा बंद असतो. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाची समाधी आहे. तो 1524 मध्ये आपल्या कोचीत वारला. या मठाच्या बांधकामाला पैसा आला तो पूर्वेच्या मालावरच्या करातून, त्यात आपल्याकडचे मिरे आलेच. छतावरचं कोरीवकाम अप्रतिम आहे. ते बघताना मान दुखली तरी नजर हटेना, हे मनापासून सांगते. पुढे नदीतल्या बेलें बुरुजावर एका छोट्या मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलंय. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने 1515 मध्ये इथे पोचला, त्याची ती आठवण. दगड झिजलाय, त्यामुळे शोधावं लागतं. बुरुज बंद असला तरी ते बाहेरून दिसू शकतं.

खाण्याचं सांगते. हॉटेलात बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येतं. खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत करा. शाकाहारी असाल तर "सें कार्न, सें पैश", म्हणजे मांस नको, मासे नको, असं स्पष्ट म्हणा, कारण कोबीच्या सूपमध्येही सॉसेजचा तुकडा असतो. सर्दी झालीच तर 'कांजा' मागवा. कोंबडीचं, भात घातलेलं पातळ सूप, नाव आपल्या कांजीवरूनच गेलेलं. कॅफेच्या काचेत 'शामुसा' दिसतील. ते आपले समोसेच, गोव्याहून आलेले. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

शेवटच्या दिवशी भाजीच्या दुकानात गेलो. पाट्या वाचत मैत्रीण मोठ्याने म्हणत गेली: बटाटा, अननस, कोव्ह म्हणजे कोबी. दुकानातल्या आजींनी आमच्याकडे बघितलं. आम्ही 'ओब्रिगादा' म्हटलं (बायकांनी 'ओब्रिगादा', पुरुषांनी 'ओब्रिगादू'). मग मैत्रिणीने पर्समधून खोलीची चावी काढून त्यांना दाखवली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "चावी." त्या हसून म्हणाल्या, "शाव्ह!" आणि पिशवीत दोन लिंबं जास्तीची टाकली.