आमची वाटचाल : रात्रभर आच धरणारा ड्रम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पत्र्याचं काम वडिलांपासून चालत आलंय. बेकरीचे ओव्हन आणि आजरा-चंदगडकडच्या काजू कारखान्यांचे ड्रायर हे रोजचं काम, त्यामुळे सेन्सर-कंट्रोलरची सवय हाताला होतीच. टेक्सासमध्ये बरीच वर्षं राहून परतलेले एक गिऱ्हाईक आले. म्हणाले, "तिकडे लोक घरीच ड्रमाचा स्मोकर करतात, तसा एक करून द्या. फक्त रात्रभर राखण करत बसायला नको." तिथून हे काम सुरू झालं.

स्मोकरमध्ये मांस ११०-१२० अंश सेल्सिअसच्या धुरात तासन्‌तास शिजतं. मोठा तुकडा आतून ७० अंशांच्या आसपास आला की अडून बसतो, कारण वर येणाऱ्या पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. तेव्हा घाईने आच वाढवली की वरचा थर कोरडा पडतो. चिवट भाग विरघळून मांस सुटं व्हायला आतलं तापमान ९० च्या पुढे न्यावं लागतं, तेही सावकाश. आपल्या बोकडाच्या मांडीत चरबी कमी, म्हणून आम्ही निखाऱ्यांवर पाण्याचं ताट देतो.

२०० लिटरच्या ड्रमात तळाशी कोळशाची टोपली, वर जाळी. जाळीजवळचा सेन्सर तापमान सांगतो आणि पीआयडी कंट्रोलर (ठरवलेलं तापमान आपोआप राखणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) त्याप्रमाणे छोटा ब्लोअर चालवतो. साधा थर्मोस्टॅट ठरलेला आकडा गाठल्यावरच ब्लोअर थांबवतो, तोवर निखारे फुललेले असतात. पीआयडी आकडा जवळ आला की आधीच हवा कमी करत जातो.

पण खरी गोम पत्र्यात आहे. कंट्रोलर कोळशाला हवा देऊ शकतो, पेटलेला कोळसा थंड करू शकत नाही. झाकणाच्या फटीतून हवा शिरली तर ब्लोअर बंद असूनही तापमान चढतच राहतं. म्हणून आमचा सगळा जीव झाकणाच्या कडेत आणि सांध्यांच्या वेल्डिंगमध्ये. ड्रम देण्याआधी अंधारात आत बल्ब लावतो, जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे पुन्हा वेल्डिंग. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आम्ही वापरत नाही, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

लाकूड आंब्याचं किंवा बाभळीचं, पूर्ण वाळलेलं घ्या. रंगवलेलं लाकूड आणि प्लाय चुकूनही नको. दाट पांढरा धूर मांस कडू करतो, निळसर, विरळ धूर दिसू लागला की मगच मांस ठेवा. आणि स्मोकर नेहमी उघड्यावरच लावा. कोळशाचा वायू बंद जागेत जीव घेतो.

हल्ली गोव्याहून चोरीससाठी, म्हणजे तिकडच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजसाठी, विचारणा होते. त्याला आच फारच मंद लागते, नाहीतर चरबी वितळून जाते. कोळशाच्या ड्रमात ते जमण्यासारखं नाही. धूर वेगळ्या पेटीत करून लांब नळीतून गार करत आणावा लागतो. सध्या त्या पेटीचं काम चालू आहे. आमची खात्री पटल्याशिवाय ती विक्रीला ठेवणार नाही.